बाबासाहेबांचं वाक्य खरं की खोटं? विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ कसा शोधायचा

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांच्या फोटोखाली वाक्यं फिरू लागतात. त्यातली काही त्यांची असतात, काही कुणीतरी जुळवलेली. भाषणात किंवा प्रबंधात असं एक जरी वाक्य चुकीचं निघालं, तरी समोरचा माणूस आपले बाकीचे खरे मुद्देही उडवून लावतो. म्हणून वाक्य वापरण्याआधी भाषण कोणतं, तारीख कोणती, खंड आणि पान कोणतं, हे शोधायची सवय हवी.

पहिला आधार म्हणजे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे' हे खंड. सुरुवातीचे खंड वसंत मून यांनी संपादित केले. 'जातीचे निर्मूलन' हे १९३६ चं भाषण मूळ इंग्रजीत पहिल्या खंडात आहे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' अकराव्या खंडात आहे, आणि मराठी भाषणं अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात झालेलं भाषण वाचायचं तर अठराव्या खंडाचा तिसरा भाग मागा. या खंडांची दिल्लीहूनही पुनर्मुद्रणं निघाली आहेत, त्यामुळे संदर्भ देताना खंडाबरोबर आवृत्तीचं वर्षही लिहा. तुमचं पान आणि परीक्षकाच्या हातातलं पान वेगळं असू शकतं.

सरावासाठी आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली तीन शब्दांची घोषणा घ्या. जुलै १९४२ मधल्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात आंदोलन दुसऱ्या जागी आणि संघटन तिसऱ्या जागी येतं. मराठीत आपण संघटन आधी म्हणतो आणि मग संघर्ष. हा क्रम कधी आणि कुणी बदलला? एका चांगल्या लेखाचा हा विषय आहे, आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणार नाही.

आता ग्रंथालयात जाऊ. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला त्या दारातच दबकायला होतं. दबकायचं कारण नाही. फक्त काउंटरवर 'आंबेडकरांवर काही आहे का?' असं विचारू नका, नाहीतर एक जाड चरित्र हातात पडेल आणि काम तिथेच संपेल. 'महाडच्या सत्याग्रहाबद्दल १९२७ च्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं ते हवं आहे', असं नेमकं सांगा. संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांचं कामच ते आहे. ग्रंथालयाची यादी संगणकावर असते, तिला ओपॅक म्हणतात. ड्यूई वर्गीकरणात बौद्ध धर्म २९४.३ या क्रमांकाखाली आणि जात व सामाजिक वर्ग ३०५.५ च्या आसपास येतात. त्या कपाटापाशी गेलात की शोधत नसलेलं पुस्तकही सापडतं.

शोध घेताना स्पेलिंग बदलून पाहा. चवदार तळं इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलेलं आढळतं. आपल्या धर्मांतरावरचे लेख कुठे 'नवबौद्ध', कुठे 'नवयान', कुठे 'दलित बौद्ध' या नावाखाली असतात.

प्रबंधांसाठी 'शोधगंगा' पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या साठ्यात देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. तिथले सगळेच प्रबंध चांगले आहेत असं नाही, काही तर एकमेकांवरून उतरवल्यासारखे वाटतात. पण चांगल्या प्रबंधाची शेवटची संदर्भसूची सोन्यासारखी असते, म्हणून आधी तीच वाचा. तुमचं महाविद्यालय सरकारी असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेबद्दल ग्रंथपालांना विचारा. २०२५ पासून तिच्यातून हजारो संशोधन नियतकालिकं विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. या योजनेचं नावही न ऐकलेले विद्यार्थी बरेच भेटतात.

बुद्धवचनालाही हाच नियम लावा. 'बुद्ध म्हणाले' एवढ्यावर थांबू नका, कोणता निकाय, कोणतं सुत्त ते विचारा. फार वापरलं जाणारं कालाम सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. मूळ पाली नागरी लिपीत वाचायची असेल तर भिक्खू जगदीश काश्यप यांनी संपादित केलेली नालंदा आवृत्ती जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बहुधा मिळते.

दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायचं असेल तर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र, महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि आधार कार्ड सोबत ठेवा. काही ठिकाणी रोजचं थोडं शुल्क घेतात. एखादं पुस्तक तिथे नसेल तर आपल्याच ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज मागा. आणि जाताना वही घेऊन जा, कारण जुन्या अंकांची झेरॉक्स बरेचदा देत नाहीत आणि मोबाइलने फोटो काढायलाही परवानगी लागते.