हैदराबादचा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत

बिलोलीत दरवर्षी 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. 1948 मध्ये आपला नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने 21 ऑगस्ट 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली.

स्पर्धा परीक्षेसाठी आपण सिद्धांतांच्या व्याख्या पाठ करतो. ते याच घटनेला लावून पाहू.

वास्तववाद: राज्ये सत्ता आणि सुरक्षा पाहतात. देशाच्या मधोमध स्वतंत्र हैदराबाद भारताला परवडणारे नव्हते.

उदारमतवाद: करार आणि संस्था संघर्ष टाळू शकतात. नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार का टिकला नाही, हा इथला प्रश्न.

मार्क्सवाद: खरा झगडा वर्गांचा. 1946 पासून तेलंगणात देशमुख-जमीनदारांविरुद्ध शेतकरी उठला होता.

रचनावाद: शब्द आणि ओळखीही राजकारण घडवतात. लष्करी मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले, की तो प्रश्न देशांतर्गत ठरतो.

वसाहतोत्तर आणि स्त्रीवादी विचार: राज्याच्या विजयात सामान्यांचे, विशेषतः स्त्रियांचे काय झाले? कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेडही धरला होता.

बाबासाहेबही एका चौकटीत मावत नाहीत. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रो अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार होता. 1947 मध्ये त्यांनी हैदराबादच्या दलितांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले. 1954 मध्ये राज्यसभेत पंचशीलावर विसंबण्याला त्यांनी विरोध केला. संस्थेचा आधार आणि सत्तेचे भान, दोन्ही त्यांनी सोडले नाही.

2001 च्या डर्बन परिषदेत जातीचा मुद्दा आला, तेव्हा भारत सरकारने ती अंतर्गत बाब असल्याची भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जातीवर आधारित भेदभावही जन्माधारित भेदभावात मोडतो, असे स्पष्ट केले.

‘अंतर्गत’ काय, हे कोण ठरवते? एकच सिद्धांत शिकलो तर हा प्रश्न सुचतही नाही. म्हणून आमचे तरुणांना सांगणे एवढेच : सिद्धांत सगळे वाचा, आणि प्रत्येकाला विचारा, यात आपला माणूस दिसतो का?

जय भीम!