नारायणन, कोच्चेरिल रामन

(२७ ऑक्टोबर १९२०–९ नोव्हेंबर २००५). भारताचे दहावे राष्ट्रपती (१९९७–२००२). जन्म केरळमधील उळवूर (कोट्टयम जिल्हा) येथे, एका गरीब दलित कुटुंबात. त्रावणकोर विद्यापीठाचे एम. ए.; पुढे लंडनमध्ये राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लास्की यांचे विद्यार्थी. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत प्रवेश. चीन व अमेरिकेत राजदूत. १९८४ पासून ओट्टपालमचे खासदार. १९९२ मध्ये उपराष्ट्रपती. पहिले दलित राष्ट्रपती ही त्यांची ओळख मोलाची आहेच. पण कारकीर्द तेवढ्यावरच मोजणे अन्यायाचे ठरेल. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेल्या राष्ट्रपतीला स्वतःचा विवेक कुठवर वापरता येतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक केला. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. नारायणन यांनी ती दोनदा वापरली. ऑक्टोबर १९९७ मध्ये मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी विधानसभेत विश्वासमत जिंकले असतानाही गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट सुचवली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने मुख्यमंत्री राबडीदेवींच्या बिहारबाबत तेच केले. दोन्ही शिफारशी परत गेल्या. पहिल्या वेळी भाजपचे राज्य सरकार वाचले, दुसऱ्या वेळी भाजपच्या विरोधकांचे. त्यामुळे इथे तरी पक्षपाताचा आरोप टिकत नाही. लोकांनी थेट न निवडलेल्या व्यक्तीने लोकनियुक्त मंत्रिमंडळाला अडवावे का, असे विचारले जाते. मात्र त्यांनी अडवले नव्हते, फेरविचार मागितला होता. बिहारमधील दलित हत्याकांडांनंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये शिफारस पुन्हा आली, तेव्हा त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत मिळणार नाही हे दिसताच ती राजवट सरकारनेच मागे घेतली.

एप्रिल १९९९ चा आक्षेप अधिक वजनदार आहे. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढताच त्यांनी वाजपेयींना विश्वासमत घेण्यास सांगितले आणि १७ एप्रिलला सरकार एका मताने पडले. अविश्वास ठराव आणणे हे विरोधकांचे काम होते, राष्ट्रपतींनी पुढाकार का घ्यावा? उत्तर १९९८ च्या घडामोडींत आहे. तेव्हा कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हते, म्हणून त्यांनी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागवून मगच वाजपेयींना पाचारण केले होते. ज्या पत्रांच्या आधारावर शपथ झाली, त्यांतले एक मोठे पत्र मागे घेतले गेले, तर बहुमताची खात्री पुन्हा करून घेणे क्रमप्राप्तच होते. आणि ती राष्ट्रपती भवनात नव्हे, लोकसभेत झाली. पुढे काँग्रेसला बहुमत जुळवता आले नाही, तेव्हा तिलाही सवलत न देता त्यांनी वाजपेयी मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून लोकसभा विसर्जित केली.