तालीम म्हणजे शाळाच!

'तालीम' हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी फिरायचा. दादी म्हणायची, "पोराला तालीम द्या." तिच्या मनात पाटी-पुस्तक असायचं. अब्बा म्हणायचे, "त्याला तालमीत घाला." त्यांच्या डोळ्यांपुढं कोल्हापूरची तांबडी माती असायची. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीनं तो उचलला आणि आखाड्याच्या दारावर लावला. कुस्ती, पैलवान, वस्ताद, खुराक हे शब्दही फारसीतून आले आणि इथल्या मातीत लाल होऊन गेले.

बाराव्या वर्षी मी तालमीत गेलो. पहिले पंधरा दिवस वस्तादांनी एकही डाव दाखवला नाही. पहाटे उठून हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचं. मग जोर-बैठका. कंटाळून मी विचारलं, "वस्ताद, डाव कधी?" ते म्हणाले, "ज्या मातीत दुसऱ्याला पाडणार, ती आधी मऊ कर लेका. पडणारा बी कुणाचा तरी पोरगाच हाय."

मी पैलवान झालो नाही. गावच्या जत्रेत पहिल्याच कुस्तीत चितपट झालो. पण ते वाक्य अजून अंगाला चिकटून आहे.

ही नुसती माझ्या वस्तादांची शहाणीव नव्हती. तिच्यामागं या शहराचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांनी मल्लांना राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभारलं. १९१२ साली पुऱ्या झालेल्या या मैदानात मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. मागं बसलेल्या गरीब माणसालाही कुस्ती दिसावी, अशी रचना. याच राजानं निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, मुस्लिम बोर्डिंगही उभं केलं आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. मला वाटतं, त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामं नव्हतीच. दोन्ही तालीमच.

कुणी म्हणेल, कुस्ती हा शेवटी खेळ. पदक मिळालं तर खरं. पदकही मिळालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मात्र तालमीत घाम गाळलेल्या हजारोंना पदक मिळत नाही. त्यांच्या पदरात काय पडतं, हा खरा प्रश्न.

माझ्या पदरात पडलं ते असं: हरल्यावर उठून समोरच्याच्या पाठीवरची माती झाडायची. लढतीला जोडीदार लागतो, म्हणून त्याला जपायचं. कोल्हापूरच्या कित्येक तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि त्याच तालमींत गणपतीही बसतो. लहानपणी त्यात नवल वाटलं नाही. आता वाटतं, आणि नवल वाटावं याचंच वाईट वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारी पोरं तालमीचीच होती. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.

पण तालमीचं कौतुक करताना एक उणीव लपवता येत नाही. माझी बहीण माझ्याहून काटक होती. ती दारापर्यंत यायची, माझा डबा ठेवून परत जायची. आत यायला तिला बंदी होती. निम्म्या घराला बाहेर ठेवणारं शिक्षण सर्वांगीण कसं म्हणायचं? २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. मी ती बातमी बहिणीला फोनवर वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, आता हौदा उकरायला कोण जातंय, ते बघ."

उत्तर तिथंच आहे. मुलं-मुली दोघंही हौदा उकरतील, तर तालीम ही शाळा आहे. नाहीतर नुसतीच माती.