न घासता धुतलेली भांडी

डिशवॉशर भांडी घासत नाही. ते गरम पाण्याचा मारा करते. १८५० साली अमेरिकेत जोएल हॉटन यांनी पेटंट घेतलेले यंत्र लाकडाचे होते. हाताने चाक फिरवायचे आणि त्यातून भांड्यांवर पाणी उडायचे. एवढ्याने खरकटे निघत नसे.

उपयोगी पडणारे यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांनी बनवले. घरातली उंची चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून फुटत, त्या वैतागातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १८८३ मध्ये पती वारले आणि मागे कर्ज राहिले. तेव्हा हौसेची गोष्ट चरितार्थाची झाली. जॉर्ज बटर्स या कारागिराच्या मदतीने त्यांनी यंत्र पुरे केले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळवले. ताटल्या, कप, बश्या यांची मापे घेऊन त्यांनी तारेचे कप्पे वळले. हे कप्पे आडव्या चाकावर बसत, चाक तांब्याच्या हंड्यात फिरे आणि तळातून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे उडत. खरी करामत त्या कप्प्यांची होती. प्रत्येक भांडे आपापल्या जागी उभे राहिले, म्हणून पाणी सगळीकडे पोहोचले. आजही एकावर एक वाट्या रचल्या, किंवा फिरणाऱ्या फवारदांड्याला कढईचा कान अडला, की भांडी कोरडी होऊनही खरकटीच निघतात.

१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात या यंत्राला पारितोषिक मिळाले. गिऱ्हाईक मात्र हॉटेले होती. घरोघरी एवढे गरम पाणी कुठून आणायचे? शिवाय यंत्र अवाढव्य होते. १९१३ मध्ये कॉक्रन वारल्या, १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्टने घेतली. घरांतील नळाला गरम पाणी आल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर, हे यंत्र स्वयंपाकघरात शिरले.

पुढची गोष्ट पावडरीची. आपल्याकडच्या मोरीत राखेने भांडी निघत, कारण राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो. डिशवॉशरची पावडरही क्षारीयच असते, फक्त राखेहून कितीतरी तीव्र. म्हणून ती मुलांच्या हाताला लागू न देणे ही पहिली खबरदारी. हाताने घासायचा द्रवसाबण त्यात घालू नये: फेस इतका होतो की फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी बाहेर येते. जड पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी पावडरीत पूर्वी फॉस्फेट भरपूर असे. पण त्याने तळी-नद्यांत शेवाळ माजते, म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून एका धुण्यामागे ०.३ ग्रॅम फॉस्फरसची मर्यादा घातली. त्याची काही कामे एन्झाइमांकडे गेली. एन्झाइम बेताच्या उष्णतेत, पण सावकाश काम करतात. काटकसरीचा ‘इको’ प्रोग्रॅम दोन-तीन तास चालतो, त्याचे एक कारण हे. वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. यंत्र जास्त वेळ फिरले म्हणून ती जास्त जळत नाही.

पाणी मऊ करणारे मीठही यातच येते. ते भांड्यांसाठी नसून यंत्रातील, पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवणारे रेझिन पुन्हा ताजे करण्यासाठी असते, म्हणून बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरात ते विसरून चालत नाही. जेवणातले बारीक मीठ तिथे चालत नाही; त्यासाठी वेगळे जाडे मीठ मिळते.

भांडी आधी नळाखाली धुऊन मग आत लावण्याची सवय मात्र जात नाही. त्यात पाण्याची बचत सगळी वाहून जाते. शिते, साली, हाडे तेवढी झाडून टाकली, गाळणी दर आठवड्याला स्वच्छ केली आणि यंत्र भरल्यावरच चालवले की पुरते. सुऱ्यांची टोके खाली ठेवावीत. दार उघडे असताना त्यावर कोणी अडखळू नये, हेही पाहावे.

भारतात या यंत्राची मागणी वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत, घरकामाला येणाऱ्या बायकांचे येणे थांबल्यावर. स्टीलची ताटे-वाट्या त्यात बिनधास्त जातात. लोखंडी तवा गंजतो, अॅल्युमिनियम काळवंडते, पितळ-तांब्याचा रंग जातो. लाकडी पोळपाट-लाटणे तडकते. कल्हईची पातेलीही त्यात घालू नयेत.