गणित, कारखाना आणि सरकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत गणितज्ञ व अभियंते यांच्यामध्यें मोठी दरी पडली होती. विद्यापीठांतील गणित व्यवहारापासून दूर चाललें आहे, अशी अभियंत्यांची तक्रार होती. ही दरी बुजविण्याचें कार्य ग्योटिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक फेलिक्स क्लाइन यांनीं अंगावर घेतलें.

१८९३ सालीं प्रशियन सरकारच्या वतीनें क्लाइन शिकागोच्या जागतिक प्रदर्शनास गेले. अमेरिकेंतील धनिक विद्यापीठांना सढळ हातानें साहाय्य करतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें. परत आल्यावर त्यांनीं कारखानदारांना साद घातली. रंगांच्या धंद्यांतील ब्योटिंगर यांच्या साहाय्यानें १८९८ मध्यें उपयोजित भौतिकशास्त्राच्या अभिवृद्धीसाठीं एक मंडळ स्थापन झालें आणि पुढें त्याच्या नांवांत गणिताचाहि समावेश झाला. या मंडळांत कारखानदार व प्राध्यापक एकत्र बसत. सरकारहि मागें राहिलें नाहीं. शिक्षणखात्यांतील आल्थॉफ यांचा क्लाइन यांना भक्कम पाठिंबा होता. १८९८ च्या नियमांनीं प्रशियांतील शिक्षकांच्या परीक्षेंत उपयोजित गणिताला स्थान मिळालें, आणि १९०४ मध्यें त्या विषयाच्या प्राध्यापकपदावर रुंगे यांची नेमणूक झाली.

त्याच वर्षीं लुडविग प्रांट्ल ग्योटिंगेनला आले. घर्षणरहित प्रवाहाच्या जुन्या गणिताप्रमाणें, समान वेगानें जाणाऱ्या पदार्थाला प्रवाहाचा विरोध मुळींच होऊं नये. प्रत्यक्षांत मात्र तो होतो. प्रांट्ल यांनीं १९०४ च्या हायडेलबर्ग परिषदेंत या कोड्याची उकल मांडली. घर्षणाचा प्रभाव पृष्ठभागालगतच्या अगदीं पातळ थरांत एकवटलेला असतो. त्या थराचें गणित वेगळें केलें, कीं उरलेल्या प्रवाहाला जुनें, सोपें गणित पुरतें. वायुनौकांच्या अभ्यासासाठीं निघालेल्या एका कंपनीच्या साहाय्यानें ग्योटिंगेनमध्यें प्रयोगशाळा उभी राहिली व १९०८ मध्यें तेथें कृत्रिम वाऱ्याचा बोगदा चालूं झाला. विमानाच्या पंखांचें शास्त्र या परंपरेंत वाढलें.

१९२५ मध्यें क्लाइन वारले. १९२९ मध्यें अमेरिकेच्या रॉकफेलर निधीच्या साहाय्यानें गणिताची नवी वास्तु उभी राहिली. तिचे सूत्रधार रिचर्ड कूरांट होते. परंतु १९३३ मध्यें सत्तेवर आलेल्या नाझी सरकारनें ज्यू वंशाच्या अध्यापकांना पदांवरून दूर केलें. कूरांट व एमी नोएथर त्यांत होते. चमत्कार असा, कीं त्याच सरकारनें वायुगतिशास्त्राच्या संशोधनावर मात्र पैशाचा वर्षाव केला. बोगदे वाढले, पण वर्ग ओस पडले.

कूरांट न्यूयॉर्कला गेले. तेथें त्यांनीं उभारलेल्या संस्थेनें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारसाठीं गणिताचें काम केलें. १९६४ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

कारखान्याचा पैसा आणि सरकारचा आश्रय यांनीं ग्योटिंगेन घडविलें, हें खरें. परंतु ज्या विद्यापीठांत माणसाला त्याच्या कुळावरून बाहेर काढलें जातें, तेथील विद्या कोणत्याहि अनुदानानें टिकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.