चित्राला घनत्व देण्याचा हुन्नर

सपाट आकृतीला संगणकाच्या पडद्यावर जाडी देऊन तिची भरीव प्रतिकृती उभी करणे आज आरेखनाच्या कचेऱ्यांतून नित्याचे झाले असले, तरी या हुन्नराचा उगम संगणकापाशी शोधणे सयुक्तिक नाही. त्यासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीतील पॅरिस शहरात जावे लागते. फ्रांस्वा विलेम या शिल्पकाराने १८६० साली आपल्या छायाशिल्पाच्या पद्धतीसाठी एकस्वाची सनद मिळवली आणि लवकरच काचेच्या घुमटाखाली वर्तुळाकार दालन उभारून रीतसर कारखाना सुरू केला.

दालनाच्या मध्यभागी चौथऱ्यावर गिऱ्हाइकाला उभे करीत. त्याच्या माथ्यावर मध्यबिंदू दाखविणारा ओळंबा टांगलेला असे, आणि भोवताली पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने बसविलेले २४ कॅमेरे एकाच वेळी उघडून काही सेकंदांत त्या देहाची सर्व बाजूंनी चित्रे घेत. एवढ्यावर प्रकाशाचे काम संपे व यंत्राचे सुरू होई. एकेक काच प्रक्षेपण-दिव्यात बसवून (असाच दिवा पुढे कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने गावोगाव नेला) तिची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडीत. कारागीर पँटोग्राफचे एक टोक त्या प्रतिमेच्या कडेवरून सावकाश फिरवी, आणि दुसऱ्या टोकाचे पाते ओल्या मातीचा गोळा त्याच रेषेने कापीत जाई. एक बाजू उतरली की गोळा पंधरा अंशांनी फिरवायचा आणि पुढची काच लावायची. असे करता करता मातीतून ओळखीचे नाक, हनुवटी, खांद्याचा उतार प्रकट होऊ लागे.

मात्र कडेची रेषा उंचवटा सांगते, खळगा सांगत नाही. डोळ्यांची खोबण, कानाच्या आतील वळणे, ओठांच्या मिटल्या जागेतील सावली ही कोणत्याही बाजूने पाहिली तरी बाह्यरेषेत उतरत नाहीत. ती भरून काढण्यासाठी आणि पात्याचे कंगोरे गुळगुळीत करण्यासाठी अखेर शिल्पकाराचाच हात लागे. थेओफिल गोतियेसारख्या साहित्यिकाने १८६४ साली लेख लिहून या पद्धतीचा गौरव केला, तथापि धंदा फार वर्षे टिकला नाही. त्या अपयशावरून विलेमची योग्यता ठरवणे मला अन्यायाचे वाटते. चित्रात जे माप नाहीच, ते कल्पनेने रचण्याऐवजी आणखी दृष्टिकोनांतून मिळवावे, हे तत्त्व त्याने प्रत्यक्ष राबवून दाखविले, आणि मूर्तीच्या घडणीत यंत्राचा वाटा कोठवर व हाताचा कोठून, हेही त्याच्या कारखान्यात लख्ख दिसून आले.

पण हाती चित्र एकच असेल तर? हा प्रश्न एक शतकानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील लॉरेन्स रॉबर्ट्स याने आपल्या १९६३ च्या प्रबंधात हाती घेतला. त्याच सुमारास इव्हान सदरलँडने ज्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढण्याची ‘स्केचपॅड’ योजना सिद्ध केली होती, त्याच टीएक्स-२ संगणकावर रॉबर्ट्सने साध्या ठोकळ्यांची छायाचित्रे चढविली. प्रथम त्यांचे ठिपक्याठिपक्यांत विभाजन केले, शेजारच्या ठिपक्यांच्या उजेडातील फरकावरून कडा हुडकल्या, तुटक कडा जोडून सरळ रेषा केल्या, आणि मग घन, पाचर व षट्कोनी लोलक या आधीच देऊन ठेवलेल्या आकारांपैकी कोणता, किंवा कोणत्या आकारांची जोडणी, त्या रेषांशी जुळते ते यंत्राकडून ताडून घेतले. ठोकळा जमिनीवर अथवा दुसऱ्या ठोकळ्यावर टेकलेला आहे, हे गृहीत धरल्यामुळे त्याचे अंतर व मापही ठरले. जी मागची बाजू कॅमेऱ्याने पाहिलीच नव्हती, तीही संगणक आता पडद्यावर रेखू शकला. कारण ती चित्रातून नव्हे, आकाराच्या पूर्वज्ञानातून आली होती.

आजच्या आरेखन-प्रणालींतील अगदी सोपी रीत म्हणजे चित्रातील उजेडालाच उंची मानणे. पण व्यक्तिचित्रावर ती आंधळेपणाने लावली की कपाळावर पडलेला प्रकाश उंचवटा होऊन बसतो आणि काळे केस खड्ड्यात जातात. शिवाय चित्रातील वर्तुळ नाण्याचे, नळकांड्याचे की चेंडूचे, याचा निवाडा वर्तुळापाशी नसतो. म्हणून कसलेला आरेखक छायाप्रकाशावर विसंबत नाही. तो कडा स्वतः गिरवून घेतो आणि मूळ जिन्नस हाताशी असेल, तर प्रत्येक भागाची जाडी मोजून मगच आकडा भरतो.