मीकन ते जीपीएस स्पूफिंग : दिशाभुलीचा इतिहास

१/ जून २०१३. मोनॅकोहून ऱ्होड्स बेटाकडे निघालेली 'व्हाइट रोज ऑफ ड्रॅक्स' ही ६५ मीटर लांबीची नौका भूमध्य समुद्रात मार्गावरून ढळली. नकाशाच्या पडद्यावर ती सरळ रेषेत जात होती; मागच्या पाण्यावर मात्र वळणाची रेघ स्पष्ट उमटली होती. धोक्याची एकही घंटा वाजली नाही.

२/ हा संमतीने केलेला प्रयोग होता. टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने नौकेवरूनच खऱ्या जीपीएससारखे, पण अधिक प्रबळ संकेत सोडले. यंत्राने खऱ्याला सोडून खोट्याला धरले. मग नौका बाजूला सरकल्याचे भासवले गेले. खलाशांनी मार्ग 'सुधारला' आणि नौका खरोखरच भरकटली.

३/ ही युक्ती जुनीच. १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकी विमाने रेडिओ-दीपांच्या आधारे दिशा ठरवीत. ब्रिटिशांनी तेच संकेत पकडून आपल्या भूमीवरून पुन्हा प्रक्षेपित केले. या केंद्रांचे नाव 'मीकन'. काही जर्मन वैमानिक तर फ्रान्स समजून इंग्लंडमध्येच उतरले!

४/ संकेत गोंगाटात बुडवणे म्हणजे जॅमिंग. ते वैमानिकाला लगेच कळते व तो सावध होतो. स्पूफिंग त्याला निर्धास्त ठेवते. खरा धोका इथेच आहे.

५/ जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. शिवाय नागरी संकेताची रचना सर्वांसाठी खुली आहे. म्हणून नक्कल शक्य होते.

६/ मग खोटेपणा ओळखावा कसा? खरे संकेत आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतून येतात. खोटे बहुधा एकाच अँटेनातून. संकेताची ताकद अचानक वाढणे, घड्याळाने उडी घेणे, होकायंत्र वा जडत्वमापकाशी मेळ न बसणे, याही खुणाच.

७/ लष्करी संकेत कूटबद्ध असतात. युरोपच्या 'गॅलिलिओ' प्रणालीने २०२५ मध्ये नागरी संदेशांना डिजिटल स्वाक्षरीची जोड दिली. स्वाक्षरीची नक्कल करणे जवळजवळ अशक्य.

८/ पण मीकनने संकेत बनवला नव्हता. खराच संकेत दुसऱ्या जागेवरून ऐकवला होता. आजही स्वाक्षरीसह पकडलेला संकेत किंचित उशिराने पुन्हा सोडता येतो. संदेश कोणाचा हे स्वाक्षरी सांगते; तो कोणत्या वाटेने आला हे नाही. म्हणूनच १९४० चा धडा कायम आहे : मार्ग ठरवताना एकाच साक्षीदारावर विसंबू नये.